डोंगराचे तीनशे बाट

मार्चच्या सात तारखेला डोंगर गेला.
म्हणजे असेल तिथेच,
पण तिसऱ्या मजल्यावरच्या आठ खिडक्यांत
त्याच्या जागी
तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी साचलंय.

आमच्या दरपत्रकात डोंगर आहे.
बागेकडची खोली नऊशे,
डोंगराकडची बाराशे.
दुरून साजरा दिसायचे तीनशे बाट,
नाश्ता धरून.
तीनशे पाचमधल्या कोरियन आजोबांनी ते परत मागितले,
मास्क न काढता, अगदी नम्रपणे.
सायपिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीवरच्या यंत्राकडे:
दोनशे ऐंशी. जांभळा.
काल लाल तरी होता.

फोन वाजतो तो रद्द करायलाच.
सोंगक्रानची सोळा बुकिंगं होती, उरली दोन,
त्यातलं एक सायपिनबाईंच्या भाच्याचं, फुकट.
स्वयंपाकीण पपया निम्म्याच चिरते.
मी किल्ल्या पुसत बसतो,
चियांग माईत इतक्या चकचकीत किल्ल्या
दुसरीकडे कुठे नसतील.

बुआखाम खोल्या आवरते,
आठवड्यातून तीनच दिवस आता.
गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर
काळी, हलकी एक चिंधी येऊन बसली
तिने ती झटकली नाही.
बोटावर घेऊन मला दाखवली:
बांबूची राख वेटोळी असते,
सागाच्या पानाला जळूनही शिरा राहतात.
हे मक्याचं.

मे चेमला तिच्या भावाचं शेत आहे, उतारावर,
जिथे नांगर चढत नाही, काडी चढते.
व्यापाऱ्याचं बियाणं उधारीवर आलंय,
पावसाच्या आधी रान मोकळं हवं.
संध्याकाळी जिन्याखाली ती त्याच्याशी बोलत होती.
त्याने विचारलं असावं, या महिन्यात पैसे कमी कसे?
ती म्हणाली, इथे धूर आहे.
मग बराच वेळ
कुणीच काही बोललं नाही.
फोन मात्र कानालाच.

चादर तिने पुन्हा धुतली.
त्या खोलीत कुणी येणार नव्हतं, तरी.

आज दरपत्रक बदललं. सगळ्या खोल्या नऊशे.
'डोंगर' या शब्दावर सायपिनबाईंनी
पांढरी पट्टी चिकटवली, नखाने घासून घासून.
उजेडात धरलं
तर खालची अक्षरं अजून दिसतात,
डोंगरापेक्षा
कितीतरी स्पष्ट.