वीस तेत्री

ग्ल्दानीतल्या आमच्या सोळा मजली इमारतीत
लिफ्ट फुकट चालत नाही.
पेटीत नाणं टाकायचं, वीस तेत्री,
मग ती खोकते आणि वर जाते.
आमच्या घरातलं कुणी आत असलं
तर नुसतीच खोकते.

घर तेराव्यावर.
बाबा जिन्यानं चढतात, नातेला आत्या जिन्यानं चढते.
फ्रीजसुद्धा तिनं आणि गोचाकाकानं जिन्यानंच आणला,
सातव्यावर बसून एकेक सिगारेट ओढली
आणि पणजोबांच्या बापाचा उद्धार केला.

तो नावाडी. मत्क्वारीच्या वळणावर,
पूल नव्हता तेव्हा.
पुराच्या रात्री काठावर एक बाई,
काखेत कोंबडी, केसांतून पाणी, नाणं नाही.
तो म्हणाला, आधी नाणं.
ती काय म्हणाली, ते घरात प्रत्येक जण वेगळं सांगतो;
तळतळाट लागला
एवढ्याच एका गोष्टीवर आमचं एकमत.

सतरावं लागलं की सुरू होतं.
भरलेलं कार्ड बसमध्ये लाल दिवा दाखवतं,
मेट्रोचं गेट पोटात रुततं.
एरेक्ले म्हणतो, चल, केबलच्या गाडीनं डोंगरावर जाऊ,
वरून सगळं शहर दिसतं.
मी म्हणते, मला चालायला आवडतं.
तो समजतो, तो मला आवडत नाही.

म्हणून त्या रात्री हट्टानं नाणं टाकलं.
सात आणि आठच्या मध्ये ती अडकली.
दार उघडलं, तर भिंत नव्हती.
चिखलाचा वास, काळं पाणी,
आणि गुडघाभर पाण्यात ती.
कोंबडी माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होती.

माफ कर, म्हणाले मी. पाठ केलं होतं.
कशाबद्दल?
शापाबद्दल. म्हणजे, तू दिलेल्या.
मी कुठे दिला? ती म्हणाली.
मी हाक मारली होती, अहो, थांबा. तेवढीच.
तुम्हीच ऐकत राहिलात.

आत ये, म्हटलं. पाटीवर चार माणसं लिहिलंय.
ती आली. पाणी ठिबकत राहिलं.
माझ्याकडे आता दुसरं नाणं नव्हतं,
तिच्याकडे तर कधीच नव्हतं.
दोघी पेटीकडे बघत उभ्या.
किती वेळ, ते ठाऊक नाही; कोंबडी झोपली.
मग लिफ्ट खोकली
आणि निघाली.

तेराव्यावर मी उतरले.
तू?
अजून वर, ती म्हणाली. मला पलीकडे जायचं होतं ना.

जिन्यात पाणी कुठून आलं, आत्यानं विचारलं.
मी मोजे रेडिएटरवर टाकले.

सकाळी बाबा नेहमीसारखे निघाले,
एक हात कठड्यावर, गुडघ्याला पट्टा,
बारा मजल्यांची पायरीन् पायरी तोंडपाठ.
मी लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं,
मुठीत नाणं,
आणि हाक मारली,
अहो, थांबा.

ते वळले नाहीत.
पण खाली जाणारा पाय
हवेतच राहिला.