इथं भोक आहे

केप्याच्या मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात
माझं स्टँपपेपरचं टेबल, आणि चार हातांवर
हर्मेनेजिल्द बार्रेटोंची खुर्ची,
एक पाय आखूड, खाली घडी घातलेली लॉटरीची तिकिटं.

जुने पोर्तुगीज दस्त ते वाचून देतात.
वाळवीनं अक्षर खाल्लं असेल तिथं थांबतात,
‘इथं भोक आहे’ असंच टायपिस्टला लिहायला लावतात.
वकील हसतात.
भोकाचे पैसे बार्रेटो घेत नाहीत.

एकवीस वर्षं शेजारी बसतोय मी.
आफ्रिकेत होते, बेंगेला रेल्वेत तारमास्तर,
एवढंच ठाऊक होतं.
पुढचं बोलले एका दुपारी, वीज गेली
आणि झेरॉक्सचं मशीन गप्प झालं तेव्हा.

पोर्तुगीज निघून गेले, देश तिघांत फाटला,
रेल्वे थांबली ती थांबलीच.
मग दक्षिणेकडून गोरे साहेब आले, पगार घेऊन.
तुकडीला नाव नव्हतं, गणवेशाला बिल्ला नव्हता.
सार्डिनच्या डब्यांवरची लेबलंसुद्धा चाकूनं खरवडलेली,
मेलेला माणूस कुणाचा होता ते कळू नये म्हणून.
शिपाई तिथलेच, पोर्तुगीज बोलणारे.
साहेबांना ती भाषा येत नव्हती.
मधे हे.
‘बंदूक माझ्याकडे नव्हती,’ म्हणाले,
आणि लगेच, टायपिस्टला सांगावं तसं,
‘हे वाक्य खोड.’

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.
एक पोरगा धरून आणलेला,
ओठ सुजून पिकल्या उंबरासारखे.
साहेबानं विचारलं, ह्यांनी विचारलं,
तुझी माणसं कुठायत?
तो म्हणाला, नाउं.
म्हणजे नाही. पोर्तुगीजांचा नकार नाकातून येतो.
पण ह्यांच्या कानात त्या घटकेला कुडचडं होतं,
धुण्याची बादली घेऊन निघालेली आई होती,
कानानं ऐकलं, न्हंय.
आपल्या कोकणीत नदी.
आणि तोंडानं इंग्रजीत साहेबाला सांगून टाकलं,
नदीवर.

नदीवर कुणी ना कुणी होतंच.
नदीवर असतंच.

वीज आली. मशीन घरघरलं, अडकलेला कागद
अर्धा काळा होऊन बाहेर पडला.
पुढं काय झालं, मी विचारलं.
चष्मा पुसत म्हणाले, ‘इथं भोक आहे.’

परवा जांबावलीची सोमी वेळीप आली,
बागायतीचा दस्त पिशवीत गुंडाळून, पिशवी पदरात.
बार्रेटो चतुःसीमा वाचू लागले.
उत्तरेला देवळाची जमीन, पश्चिमेला पायवाट,
दक्षिणेला अमक्याचं कुळागर.
पूर्वेला.
बोट थांबलं. मी वाकून पाहिलं,
कागद तिथं धड होता, शाई काळीभोर.
‘वाहतं पाणी,’ ते म्हणाले. ‘वाहतं पाणी लिही.’

सोमीला ते पटेना.
वाहतं पाणी गटारातही असतं, म्हणाली,
उद्या भाटकार म्हणेल ओहोळ होता.
टेबलावर हात आपटून तिनं सांगितलं,
‘न्हंय ती! न्हंय!’

बार्रेटो मान हलवत राहिले,
होकाराची की नकाराची, कळलं नाही.
टायपिस्टची बोटं तशीच वर.
मी ड्रॉवरमध्ये सुटे पैसे शोधत होतो,
सापडले होते, तरी शोधत होतो.