अकरा जोड

अमळनेरला, बोरीच्या कोरड्या पात्रात
संध्याकाळी साडेसातला मी शिरले
आणि दहा मिनिटांत उत्तर दिशा हरवून बसले.
पाळणा डावीकडे होता. मग पाठीमागे.
मग पाळणे दोन झाले.
मौतच्या विहिरीचा भोंगा आणि हरवलेल्या पोरांचा भोंगा
एकाच खांबावर,
म्हणून लाल फ्रॉकवाली राणी, मुक्काम कळमसरे,
बराच वेळ मोटारसायकलवर
हात सोडून फिरत राहिली.

कॅमेरा डोळ्याला लावला की
माणसं ताठ होतात.
गोडशेव गालात तशीच धरून हसतात,
बाया पदर सारखा करतात,
पोराची हनुवटी धरून सांगतात, "आथा दख."
तीनशे बारा फोटो,
सगळे रेशनकार्डावर डकवता येतील असे.

वैशाखातली वाळू अंधार पडला तरी गरम.
जनरेटरचा धूर. कुणाचं तरी कोपर.
भिंगावर कुठल्याशा पोराचं रबडीचं बोट.
ते पुसत पुसत मागं सरले
आणि सुपडू आप्पांवर बसलेच असते.

मारवडचे.
वाळूत मांडी घालून, समोर चपलांचे अकरा जोड,
मालक सगळे वर, पाळण्यात.
आप्पा मान वर करून मोजत होते.
आठ, नऊ, धा,
तेवढ्यात पहिला पुन्हा खाली यायचा
आणि हिशोब विस्कटायचा.
माझ्याकडे बघायला त्यांना सवडच नव्हती.
मी गुडघा टेकला. दाबलं.
हात हलला, तेही कळलं.

"धाच भरतस," ते म्हणाले. मला नव्हे.
अकरावा जोड एवढासा, गुलाबी,
पट्ट्याला तारेचा टाका.
त्याची मालकीण त्यांच्या पाठीशीच सापडली,
उपरण्यावर गाढ, मुठीत तिकीट.
"हाई ते मीच निजाडेल व्हती,"
आणि कपाळ पुसलं, दोनदा.
मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पायांकडे.
"तुन्या बी ठेव आठे. जाय, बस."

पाळणा वर थांबला तेव्हा फोटो उघडला.
आप्पा भुवईपासून कापलेले,
हात दोन-दोन झालेले,
स्वच्छ आलाय तो फक्त तारेचा टाका.
खाली पूल दिसला, त्यावरून मालगाडी,
म्हणजे स्टेशन तिकडे.
आणि दिव्यांच्या गदारोळात
टोपीएवढा एक पांढरा ठिपका,
पुन्हा एकपासून मोजणारा,
आता मला धरून.