इल्लोसो सैल

गंजून धरलेला नट कडाक् करून सुटला,
खारट तांबूस भुकटी माझ्या पायावर पडली.
बाकड्यावर बसलेला पास्कू दचकला,
'सावकाश रे, मेस्त्री,' म्हणाला.

मीटर दोनदा सगळे नऊ दाखवून
पुन्हा शून्यावर आलेला.
तिसऱ्या फेरीत मोचेमाडच्या घाटीत केबल तुटली,
त्यालाही झाली सात-आठ वर्षं.
पास्कू पाव मोजतो, किलोमीटर नाही.

क्लचच्या प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत.
मागे टोपलीत तीनशे पाव, पुढे टाकीवर शाळेची मुलगी,
अर्धा क्लच धरून चढ काढलेला, रोज.
मुलगी आता पणजीला नर्स आहे.
टाकीवर तिच्या टाचांनी रंग उडवलेले
दोन ठिपके अजून आहेत.

हेड उचललं. आत चुलीच्या भिंतीवर धरतं तसं काजळ.
खरवडलं तर खपल्या निघाल्या
आणि पिस्टनच्या माथ्यावर आकडा दिसला: पंचाहत्तर.
म्हणजे हा बोअर तीनदा वाढवलेला.
पहिल्यांदा बाबल मेस्त्रीने,
मी तेव्हा रॉकेलमध्ये त्याचे पाने धुवायचो.

आमच्या धंद्यात झिजलेलं भरून येत नाही.
ओरखडा पडला की आणखी कापायचं,
पुन्हा गोल होईस्तोवर कापायचं,
मग त्या वाढलेल्या पोकळीत मावेल
असा जाडा पिस्टन शोधायचा.
याला आम्ही दुरुस्ती म्हणतो
आणि पैसे घेतो.

'एकच साइज उरलाय,' मी सांगितलं,
'त्यापुढे भिंतच राहणार नाही.'
'एक म्हणजे किती वर्सां?'
मी काही बोललो नाही. त्याने रिकाम्या टोपलीवरचं
निळं प्लास्टिक उगाच नीट केलं.

ब्लॉक गोणपाटात बांधून एसटीने कुडाळला गेला,
कंडक्टरच्या पायाशी.
तिसऱ्या दिवशी आला तो आतून चकचकीत,
तेल धरून ठेवायला बारीक फुल्या मारलेला.
रिंगा, चेन, बेअरिंग, सगळं नवं.
टॅपेटला फिलरची सर्वात पातळ पाती लावली
आणि श्वास धरून नट आवळला.

दुसऱ्या किकला सुरू.
धूर नाही.
इतकी गप्प, की दुकानातला पंखा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पास्कू दारात,
टोपली अर्धी भरलेली.
'मेस्त्री, गाडी बरी झाली.
पन माका कोणी वळखूक नाय.'

शाळेकडच्या वळणावर त्याची खडखड आली
की बाया चहात दूध ओतायच्या,
भांडं घेऊन पायरीवर यायच्या.
काल अख्ख्या आसोलीत दार उघडलं नाही.
'सुलोचनाबाय इली, पन गाडी फुडे गेल्यार.'
'अरे, पोंपों वाजवायचा!'
'वाजयलंय. पन मासळेवालोय पोंपों वाजयता,
कुल्फीवालोय वाजयता.'

आता गेलेली झीज कुठून आणू?
कुडाळच्या लेथखाली तिचा कीस
केव्हाच झाडून टाकला असेल.

शेवटी टॅपेटची टोपी उघडली.
फिलर डब्यातच राहू दिला,
बोटांनीच ढिला केला, केसभर.
टिक् टिक् टिक्.
पास्कू मान वाकडी करून ऐकत होता.
'अजून इल्लोसो.'
टिक्क टिक्क.
'अजून इल्लोसो... बस्स.'

बाबल मेस्त्री असता तर त्याने
चौदा नंबरचा पाना फेकून मारला असता.
बिलात मी काही लिहिलं नाही.
काय लिहिणार?

आज साडेसहाला आमच्या दारावरून गेला.
बायको परात घेऊन आधीच गडग्यापाशी,
कोणाशी तरी हसत बोलत.
मी अंथरुणात पडून ऐकलं:
इनटेकचा जरा जास्तच सैल झालाय.