माळढोकाचे पंख

फ्लॉरेन्सला एका देवदूतासमोर
मोजून चार मिनिटं मिळाली होती.
टूरवाल्या पोराची पिवळी छत्री पुढं सरकली,
माझ्या मोबाइलमध्ये आला एक गुडघा, अर्धा पंख
आणि नातूकाकूंची टोपी.

सोलापुरात घाई कुणालाच नाही.
पेपर तपासायचं काम दुपारीच आटपलं,
गाडी साडेपाचला, नाहीतर साडेसहाला.
एप्रिलात इथं डांबराला चपला चिकटतात,
म्हणून सावली शोधत बंद गिरणीच्या आवारात शिरले,
तर मालकाच्या जुन्या बंगल्यावर, कमानीच्या बरोबर मधोमध,
तो.

तोच गुडघा, तसाच पुढं काढलेला,
जणू आत्ता उतरला आणि पाय भाजला.
कुरळे केस, फुगलेले गाल,
नाकाचा शेंडा उडालेला,
काखेत पारव्याचं घरटं.

"बघा की निवांत," मल्लिनाथ वॉचमन म्हणाला.
"शंभर वर्षं झाली असतील, कुठं पळून चाललंय ते?"

मग त्यानं सांगितलं ते असं:
मालकानं विलायतेहून चित्र आणलं, पोस्टाच्या कार्डाएवढं,
आणि इमामसाब गवंड्याला म्हणाला, हे असं पायजे.
चित्रात सगळं समोरून.
पाठीतनं पंख फुटतो कुठं, सांधा कसा बसतो,
पीस पिसावर कसं चढतं, कार्डाला काय ठाऊक?
चुना भिजत पडला. इमामसाब चार दिवस आलाच नाही.
नान्नजच्या माळावर पालथा पडून होता म्हणे,
कुसळांत, भाकरी उशाला घेऊन,
माळढोक कधी उठतोय ते बघत.

माळढोक. माणसाच्या कमरेएवढं धूड,
उडण्याआधी धावणारं,
उडायचं की नाही हे शेवटच्या पावलापर्यंत न ठरलेलं.

मागच्या जिन्यानं गच्चीवर चढून मी पंख पाहिले.
हंसाचे म्हणावेत तर फार जड,
रुंद, टोकाला बोटांसारखे फाकलेले,
आणि मुळाशी गाठ,
हमालाच्या खांद्याला असते तशी.
हा पोरगा उडायचा झाला
तर आधी अख्खी गच्ची धावावी लागेल त्याला.

फ्लॉरेन्सचे देवदूत वजन विसरलेले.
मला ते तेव्हा आवडले, आजही आवडतात.
ह्याच्या शेजारी मात्र बसावंसं वाटलं.
बसले. कठडा तव्यासारखा तापलेला, तरी.

खाली आल्यावर विचारलं,
"माळावर आता किती उरलेत?"
मल्लिनाथनं एक बोट वर केलं,
मग तेच वाकवून कान खाजवला.
"यंदा तेबी कुणाला दिसलं नाही."

काखेतला पारवा फडफडला आणि गेला,
काहीएक न ठरवता.
फोटो काढायचा राहिला.

गाडी सहा दहाला आली.
मोहोळ जाईपर्यंत मी खिडकीतून
माळच बघत होते,
आणि परकराला लागलेला चुना
झटकायचं लक्षात होतं,
झटकला नाही.