पाव फेरा

खजुराच्या बागेमागं, शेळ्यांच्या गोठ्यात पडून होती,
सीटवर कोंबडीनं संसार थाटलेला.
होंडा नव्वद. टाकीवरचं एका बाजूचं पाखरू उडून गेलेलं,
दुसऱ्या बाजूचं गंजात रुतलेलं.
खल्फान म्हातारा म्हणाला, ने.
पैसे विचारले तर हात झटकला, माशी वारावी तसा.
फक्त सुरू झाली की आण. ऐकायची आहे.

सोहारला दिवसा पान्हा हातात धरवत नाही,
म्हणून रात्री.
दिवसभर मी एसीचे डक्ट ठोकतो,
लोकांच्या खोल्या गार करतो,
आणि दहानंतर आमच्या खोलीमागच्या बोळात
बल्ब लोंबकळवून निथळत बसतो.
इथला गंज आपल्याकडचा नव्हे.
तो समुद्राकडून चालत येतो,
कडी घातली तरी आत शिरतो.
मडगार्डचे पापुद्रे सुटले
खारी बिस्किटासारखे.

पिस्टन जाम.
प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं
आणि आठ दिवस तिकडं बघितलंसुद्धा नाही.
बाप म्हणायचा, अडलेल्याला घाई दाखवू नये.
तो इचलकरंजीत लूमचा जॉबर.
शेडमध्ये ऐंशी माग खडखडत असताना
दारातूनच सांगायचा,
सत्ताविसाव्याचा पट्टा सैल आहे.
मला त्याचा कान आला.
जागा होती, ती थोरल्याकडं गेली.

नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला.
हलला. केसाएवढा.
बोळात मी एकटाच हसलो.

कार्बोरेटर उकळला काळ्या सुक्या लिंबांच्या पाण्यात,
तेही डाळीच्या पातेल्यात.
मोफिझुल तीन दिवस
आधी वास घ्यायचा, मग घास.
टाकीत सिरका आणि मूठभर नट घातले,
सुगतन पिक्चर बघता बघता
ती मांडीवर घेऊन हलवत राहिला, रडकं पोर असावं तशी,
आणि मध्येच म्हणाला, माझी धाकटी आता चालत असेल.
पिक्चर पुढं सरकत राहिला.

बिल्ल्याखाली बोटभर जागेत मूळ लाल सापडला,
कधीच ऊन न लागलेला.
टाकी काखेत मारून रंगाची तीन दुकानं पालथी घातली.

मग एका गुरुवारी, सतराव्या किकला
ती खोकली, धूर ओकली, आणि धरली.
पॉइंटचा गॅप बसवला, टायमिंग जुळवलं.
तासाभरात अशी चालायला लागली
की टाकीवर ठेवलेला चहा हिंदकळेना.

मुल्किया कधीच मेलेली. दुचाकीचं इथलं लायसन मला नाही.
रस्त्यावर ती येणार नव्हतीच.
पिकअपमध्ये घालून बागेत नेली.

म्हातारा काठी टेकत आला.
किक मारली. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.
छान आहे, मुहंदिस, म्हणाला
(मी दहावी नापास). पण ही ती नाही.
जुमाची गाडी पाचवा ठोका गिळायची.
पहाटे सहमहून मासळी घेऊन यायचा भाऊ,
फलजच्या वळणावर तेवढं ऐकू आलं
की आई तवा ठेवायची.

जुमा कुठं आहे, मी विचारलं नाही.
गोठा बघितला होता.
आणि तीन महिने खपून
मी नेमका तोच ठोका दुरुस्त केला होता.

बिघडवायला जास्त वेळ लागतो.
एअर स्क्रू पाव फेरा मागं. नाही.
आणखी थोडा. पॉइंटमध्ये रिचार्ज कार्डाचा कोपरा
घालून बघितला, काढला, परत घातला.
म्हातारा डोळे मिटून, एक बोट वर.
पुढं. ला, ला. मागं.
बापानं बघितलं असतं तर पान्हाच फेकून मारला असता,
चालत्या इंजिनात खोट घालतंय कोण?

ऊन चढलं. शेळ्या पांगल्या.
कोंबडी येऊन सीटकडं बघून गेली.
आणि मग
चार ठोके,
गप.
चार ठोके,
गप.

बराच वेळ तो तसाच, बोट वर.
मग म्हणाला, पेट्रोल किती आहे?
अर्धी टाकी.
राहू दे चालू.