दुसरं कार्ड

सिक्स्टेननं पंधराव्या वर्षी रचलेलं गाव
एका सीडीवर होतं, सीडी बिस्किटांच्या डब्यात.
मोटारशर्यतीचा गेम, त्यात नकाशे आपले आपण बनवायची सोय.
बाकीची पोरं वाळवंटं रचायची, ज्वालामुखी रचायची,
माझ्या भावानं आमचीच गल्ली रचली :
बेकरी, पिवळी टपालपेटी,
दाराशी उलटी टेकवलेली घसरगाडी.

खरी गल्ली आता नाही.
लोखंडामागे खाण खालून सरकत आली
आणि किरुनानं आपलं बिऱ्हाड पूर्वेला हलवलं.
रात्री दीडला सुरुंग उडतो,
नव्या फ्लॅटमध्येही कपाटातल्या बश्या किणकिणतात.
"दाखव," आई म्हणाली.

दाखवली. सेकंदाला अकरा चित्रं.
गाडी पुढे जाईना, नुसती उचकी लागल्यासारखी.
"आपला रस्ता एवढा खराब नव्हता," आई म्हणाली.

या लॅपटॉपात चित्रं काढणारे दोघं.
एक प्रोसेसरच्याच घरात राहतो, कमी खातो, पत्रं-बित्रं दाखवतो.
दुसरा वेगळा, दांडगा, स्वतःचा पंखा घेऊन आलेला.
त्याच्यासाठी मी दोन महिन्यांच्या रात्रपाळ्या मोजल्या,
आणि तो झोपलेला.
जुना गेम दारात येतो, विचारतो,
"चित्रकार आहे का कोणी?"
जो आधी 'ओ' देईल त्याच्या हातात रंग.
घरात दुसराही असू शकतो,
हे त्याच्या काळी कोणी शिकवलंच नव्हतं.

सेटिंगमध्ये गेले, गेमचं नाव नोंदवलं,
'उच्च कार्यक्षमता'वर खूण केली.
पुन्हा अकरा.
तासाभरानं कळलं, नोंदवलं ते रखवालदाराचं नाव.
फोल्डरमध्ये फायली दोन :
एक फक्त फाटक उघडते आणि निघून जाते,
खरी राबणारी आतली, तिचं नाव कुठेच नाही.
(खाणीत नोकरी केलेल्या माणसाला
हे इतक्या उशिरा कळावं!)

तिचं नाव घातलं. अजून नाही.
गेम बोलत होता वीस वर्षांपूर्वीची बोली,
कार्डाला त्यातलं एक अक्षर उमगेना.
मग एक छोटी फाइल आणून शेजारी ठेवली, दुभाषी.
इकडचं ऐकते, तिकडे नव्या भाषेत सांगते, स्वतःचं काही घालत नाही.

मीही बसले होते तशी,
घराच्या मोबदल्याच्या टेबलावर, आई आणि बाई यांच्या मध्ये.
आई तिच्या मेआनकिएलीत बोलत होती, बाई स्वीडिशमध्ये आकडे.
आई म्हणाली, "तळघराची तिसरी पायरी
एइनारीनं हातानं बसवली, ती कुठे लिहिणार?"
मी भाषांतर केलं, "तळघर आहे."

पंखा घरघरला.
आधी वाटलं बाहेर बर्फ काढणारं यंत्र आलं.
मग गल्ली सुटली, एकदम, तोंडावर आल्यासारखी :
बेकरी गेली, टपालपेटी गेली, सेकंदाला तीनशे चित्रं,
आणि मी जिंकल्यासारखी आईकडे पाहिलं.

ती बर्फाकडे पाहत होती.
"इतक्या घाईनं बर्फ कधी पडला नाही इथे."

खरंच. या जुन्या गेमांचं घड्याळ चित्रांना बांधलेलं,
चित्रं धावली की काळही धावतो.
एवढी उठाठेव करून ज्याला जागं केलं
त्यालाच सांगावं लागलं : सेकंदाला तीस. त्याहून नको.

मग बर्फ बर्फासारखा पडला.
गाडी मी घरासमोर उभी केली. शर्यतीची वेळ संपली,
लाल अक्षरांत 'हरलात' आलं, आईनं ते वाचलं नाही.
"दार उघड."
"नुसतं चित्र आहे, आई. सिक्स्टेननं आतलं काही केलंच नाही."
"आत यायचाच कुठे तो," ती म्हणाली,
"आणि आला तर बूट न झटकता."

तापलेला लॅपटॉप तिनं मांडीवर ओढून घेतला,
पंख्याच्या झरोक्याशी बोटं धरली.
दीड वाजला. बश्या वाजल्या.
पडद्यावरचं घर जराही हललं नाही.